‘लॅटराइट’ म्हणजे नेमकं काय: जांभा, चिरा, लाल माती की बॉक्साइट?

कातळवाट (प्रश्न)
राजापूर तालुक्यात एका सड्यावर (कातळाच्या सपाट पठारावर) कातळशिल्पांजवळ माहितीफलक लावायचा आहे. मजकूर जुळवताना ‘लॅटराइट’ या शब्दापाशी अडायला झालं. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये तो घरं बांधायचा दगड आहे, भूशास्त्राच्या अहवालात बेसाल्टवर तयार झालेला थर आहे, माती परीक्षणाच्या कागदावर तोच शब्द शेतातल्या लाल मातीला लावलाय, आणि एका लेखात तर लॅटराइट आणि बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) एकच असं म्हटलंय. मूळ अर्थ कोणता आणि तो असा फुटला कसा? फलकावर सरळ ‘जांभा’ हे कोकणातलं नाव लिहिलं तर चालेल का?
याच कामात बसायचा ओटाही चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यांचा, बांधायचा आहे. ठेकेदार म्हणतो खाणीतून आलेला चिरा लगेच लावू. जाणकार म्हणतात थांबा. कुणाचं ऐकायचं?

दगडमाती
गॅझेटियरमधला अर्थ मुळाच्या सगळ्यात जवळ आहे. फ्रान्सिस बुकॅनन हा ब्रिटिश डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कॅनरा, मलबार भागात फिरला. त्याचं प्रवासवर्णन १८०७ मध्ये छापलं गेलं आणि त्यात हा शब्द पहिल्यांदा येतो. जागा केरळातलं अंगडीपुरम. तिथे लोक जमिनीतून मऊ दगड कुदळीने काढत, लगेच पात्याने तासून चौकोनी करत, आणि हवेवर राहिला की तो विटेसारखा टणक होई. स्थानिक नावाचा अर्थ ‘विटेचा दगड’ असा त्याने नोंदवला आणि लॅटिनमधल्या ‘लेटर’ म्हणजे वीट या शब्दावरून शास्त्रासाठी नाव घडवलं. तेव्हा मूळ व्याख्या गवंड्याची आहे: ओला असताना कापता येतो आणि उघड्यावर घट्ट होतो, तो लॅटराइट. दगडात लोहाच्या लाल-पिवळ्या गेरूचं प्रमाण भरपूर आहे हे त्याने लिहिलं, पण रासायनिक पृथक्करण त्या व्याख्येत नव्हतं.

पुढे रासायनिक पृथक्करण करणाऱ्यांनी शब्द हातात घेतला आणि अर्थ सरकला. १८९८ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ माक्स बाउअरने सेशेल्स बेटांवरचे नमुने तपासून त्यात ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड दाखवलं. त्यानंतर ‘घट्ट होतो का?’ हा प्रश्न मागे पडून ‘सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) किती उरली?’ हा पुढे आला. भूशास्त्रज्ञ फर्मोरने १९११ मध्ये लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मँगनीज यांच्या ऑक्साइडांच्या टक्केवारीवर वर्गवारी केली. त्यात खरा लॅटराइट म्हणायला ही द्रव्यं ९० टक्क्यांच्या वर लागतात. मार्टिन आणि डॉइन यांनी १९२७ मध्ये मातीच्या चिकणकणांतलं सिलिका आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) यांचं रेणुप्रमाण घेतलं: १.३३ च्या खाली असेल तर लॅटराइट, १.३३ ते २ असेल तर लॅटराइटी. दोनचा आकडा उगाच आलेला नाही. केओलिन चिकणमातीत हे प्रमाण बरोबर २ असतं, म्हणजे त्याखाली गेलं की ॲल्युमिना सुटी पडू लागली असं समजायचं.

इथे खरा घोळ झाला. या कसोट्या लावल्या तर कापल्यावर कडक होणारा एखादा अस्सल चिरा लॅटराइट ठरत नाही, आणि कधीच कडक न होणारी माती लॅटराइट ठरते! माझ्या मते रासायनिक व्याख्या खनिज शोधायला उपयोगी, पण शब्दाच्या जन्माशी प्रामाणिक नाही.

बॉक्साइटचं नाव वेगळ्या घरचं आहे. बेर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये फ्रान्समधल्या ले बो गावाजवळ हे खनिज सापडलं, त्या गावावरून हे नाव पडलं. झिजेत ॲल्युमिना जास्त साठली की बॉक्साइट, लोह जास्त उरलं की आपला तांबडा जांभा. दोन्ही एकाच सड्यावर शेजारी मिळू शकतात, म्हणून लेखक गल्लत करतात.

लालमाती
मातीच्या अर्थाबद्दल भर घालतो. मृदाशास्त्रात हा शब्द इतका सैल झाला की अमेरिकन वर्गीकरणाने १९६० च्या मसुद्यात तो बाजूला ठेवून ‘प्लिंथाइट’ आणला: पुन्हापुन्हा ओलं-कोरडं झाल्यावर कायमचा घट्ट होणारा लोहयुक्त थर. ग्रीक ‘प्लिंथॉस’ म्हणजेही वीटच. गवंडी जोत्याला प्लिंथ म्हणतात तो शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे बुकॅननची कसोटी दीडशे वर्षांनी नव्या नावाने परत आली.
परीक्षणाच्या कागदावर मात्र ‘लॅटराइट’ म्हणजे एवढंच, की माती आम्ल, पावसाने निथळलेली, लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली. व्यवहारात त्याचा अर्थ स्फुरद मातीत अडकतो, पिकाला मिळत नाही. खत सगळीकडे फेकू नका, मुळांजवळ शेणखतात मिसळून द्या. शालेय पुस्तकातला ‘जांभी मृदा’ हा शब्द इथे जास्त नेमका आहे, कारण माती आणि दगड वेगळे राहतात.

खाणपट्टा
ओट्याचं बोलू. ठेकेदाराचं ऐकू नका. ताज्या चिऱ्यात खाणीतलं पाणी असतं आणि लोहाचे क्षार अजून पुरते जमलेले नसतात. वाळताना ते स्फटिकरूपात घट्ट होतात, एकमेकांना जोडलेली जाळी तयार होते आणि पाणी परत लागलं तरी ती विरघळत नाही. उघड्यावर निदान तीन महिने ठेवा, मधे फटी सोडून रचा. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, म्हणून दिवाळीनंतर काढलेला माल उन्हाळ्यात बांधायला घेतलेला बरा.

निवड करताना रंगावर जाऊ नका. पांढरट-पिवळट चिकणमातीचे मोठे गोळे असलेला चिरा बाजूला काढा. ती केओलिन आहे, कडक होत नाही, पावसात धुऊन जाते आणि भिंतीला भोकं पडतात. खाणीत जितकं खाली जाल तितके हे गोळे वाढतात. अगदी तळाला सगळी मऊ मातीच लागते, जिला दक्षिण कन्नडात ‘शेडी’ म्हणतात. तिथला चिरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

भारतीय मानक ३६२० प्रमाणे चिऱ्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी आणि पाणी शोषण वजनाच्या १२ टक्क्यांच्या आत. दाब प्रयोगशाळेतच कळेल, शोषण घरी अंदाजता येतं. पूर्ण वाळलेला चिरा तोला, २४ तास पाण्यात बुडवा, वरचं पाणी पुसून परत तोला. २० किलोचा २२.२ झाला तर ११ टक्के, चालेल. २३ झाला तर १५, जोत्यात घालू नका. लोखंडाने ठोकल्यावर खणखणीत आवाज यायला हवा. बद्द वाजला तर आत माती आहे.

बांधताना चिरा आधी भिजवा, नाहीतर कोरडा दगड चुन्या-सिमेंटातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा ठिसूळ राहतो. मसाला फार कडक नको. सिमेंट १ ला वाळू ६ पुरे. आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा नको: आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. दर्जा (सांध्यांच्या फटी) भरा, तेवढं बास.

कातळवाट
सगळ्यांचे आभार. फलकाचा कच्चा मजकूर असा आहे: ‘हा सडा लॅटराइट या ज्वालामुखीजन्य खडकाचा असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.’ ठीक आहे का?

दगडमाती
नाही, दोन्ही भाग बदला. ज्वालामुखीजन्य आहे तो खालचा बेसाल्ट, आणि साडेसहा कोटी वर्षं हे वय साधारण त्याचं. जांभा त्याच बेसाल्टची उष्ण, दमट हवेत झीज होऊन नंतर तयार झाला: सिलिका, चुना, सोडा पाण्याबरोबर गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. शिवाय लॅटराइट बेसाल्टवरच होतो असंही नाही. अंगडीपुरमला बेसाल्ट नाहीच, तिथे फार जुना स्फटिकमय खडक झिजलाय.

असं लिहा: ‘हा सडा जांभा दगडाचा आहे. खालच्या बेसाल्टची दीर्घकाळ झीज होऊन उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांपासून तो बनला. याच दगडाचे चिरे घरबांधणीला वापरतात. शास्त्रीय नाव: लॅटराइट.’ जांभा आधी, लॅटराइट शेवटी. खडकाचं वय आणि शिल्पांचं वय एकाच वाक्यात आणू नका, वाचणारा दोन्ही एक समजतो.

खाणपट्टा
आणि फलकाचे खांब शिल्पाजवळच्या कातळात भोक पाडून रोवू नका. वरचा थर कडक असला तरी आत पोकळ्या असतात, मशीनच्या धक्क्याने तडा कुठवर जाईल सांगता येत नाही. खांब ओट्यातच घ्या. जागा ठरवण्याआधी कडेची माती झाडूने बाजूला करून पाहा, कोरलेल्या रेषा पुष्कळदा मातीखाली पुढे गेलेल्या असतात.