विषय: उत्तर: उत्तर: प्रोजेक्टर – शुक्रवारच्या आत सांगा

बंडू (लाखांदूर)

मंडळी,

काल रात्री गुरुजींचा फोन आला. मंडईच्या (आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा) आदल्या दिवशीची संध्याकाळ गावच्या वाचनालयाला मिळाली, ७ ते ८:३०. नाटकाचा मंडप उभा असतोच, तोच वापरायचा. विषय ललिता पवार. तो मागच्याच मीटिंगला ठरला आहे, त्यावर आता पुन्हा गाडी नेऊ नका. क्लिपा पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत, एकूण ३५ मिनिटं. मधे मधे गुरुजी बोलतील.

अडलंय फक्त प्रोजेक्टरवर. शाळेच्या प्रोजेक्टरचा दिवा गेला आहे. लग्नाची शूटिंग करणारा एक जण आहे लाखांदूरला, तो म्हणतो सीझनमध्ये नाही देत. आपल्या इथल्या मराठी मंडळाचा प्रोजेक्टर मी विमानात हातातल्या बॅगेतून गावी नेतो आणि तसाच परत आणतो. शुक्रवारी निघतोय.

आप्पा, चावी?

आप्पा

बंडू,

चावी माझ्याकडे आहे. ती का आहे, हे जुन्यांना आठवत असेल. कोजागिरीला प्रोजेक्टर कोणी "पाच मिनिटांसाठी" नेला, मसाला दुधाचं पातेलं कोणाच्या कोपराने कलंडलं आणि तेव्हापासून चित्राच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा डाग का दिसतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नावं घेत नाही. त्यानंतर कमिटीत ठरलं की वस्तू हॉलच्या बाहेर जाणार नाही. लाखांदूर हॉलमध्ये येत असेल तर सांग.

आणि हे यंत्र इकडचं, १२० व्होल्टचं. तिकडे २३०. लावलं की धूर. मग गुरुजी काय दाखवणार, धूर?

वर्धेकर

आप्पा, धूर निघत नाही. प्रोजेक्टर उलटा करून मागचं लेबल वाचा. १००–२४० लिहिलेलं असलं तर फक्त पिन बदलायची.

खरी भानगड पुढची आहे. दिवाळीनंतर रब्बीचे पंप सुरू होतात, त्यात मंडईचे आकाशपाळणे आणि दुकानांच्या माळा, सगळे एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर). संध्याकाळी व्होल्टेज इतकं बसतं की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावते. मग कोणीतरी पंप बंद करतो आणि ते एकदम वर उसळतं. आमच्या काकांचा फ्रिज असाच गेला, तोही वॉरंटी संपल्याच्या आठवड्यात.

प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर आणखी एक. तो बंद केल्यावर आतला पंखा दोन-तीन मिनिटं चालायला हवा. लाइन गेली की दिवा आणि पंखा दोन्ही एकदम थांबतात, दिवा तापलेलाच राहतो, आणि असं चार-पाचदा झालं की तो तडकतो. शाळेचा दिवा असाच गेला असणार, पैज लावतो.

उपाय साधा आहे. ग्रामपंचायतीत ऑनलाइन कामं करणाऱ्या पोराकडे यूपीएस असतो, तो एका संध्याकाळीपुरता मागायचा. नाटक कंपनीच्या जनरेटरवर मात्र लावू नका. स्टेजचे लाइट मंद केले की त्याचा सूर बदलतो आणि तो झटका आपल्याला बसतो.

माई (दारव्हा)

वर्धेकर, तुम्ही यूपीएस म्हणता. आमच्याकडे १९८७ साली ट्रॅक्टरची बॅटरी होती.

रविवारी साडेनऊला रामायण. टीव्ही अख्ख्या गावात आमच्याच वाड्यात, ब्लॅक अँड व्हाइट, अँटेना बांबूला बांधलेला. लाइन गेली की सासरे गड्याला हाक मारायचे, तो बॅटरी काढून आणायचा आणि टीव्ही पुन्हा लागायचा. त्या दिवशी नांगरट दुपारनंतर. ओसरीत बाया, अंगणात पुरुष, पोट्टे भिंतीवर. सासूबाई आंघोळ करून टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, म्हणून काच नेहमी गुलाबी.

ललिता पवारांची मंथरा आली की शिव्या सुरू. कैकेयीला कोणी काही म्हणायचं नाही, सगळा राग त्या कुबडीवर. आमच्या गावात एक म्हातारी दाई होती, पाठीतून वाकलेली. पोट्ट्यांनी तिला मंथरा म्हणायला सुरुवात केली. एका रविवारी ती आमच्याकडे आली, पुढे बसली, भाग शेवटपर्यंत पाहिला. सासूबाईंना वाटलं, आता ही रडते. तर म्हणाली, "काम साजरं करते माय ते. पन तिचा डोया पाह्यला काय तुमी? तो डोया ते मुद्दाम बारीक नाई करत. मार बसेल हाय त्याले."

दाईचा स्वतःचा एक डोळा पऱ्हाट्या उपटताना काटूक लागून गेला होता. आम्ही शिकलेसवरलेले त्याला अभिनय समजत होतो. खरी हकीकत मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचायला मिळाली.

आप्पा, देऊन टाका हो प्रोजेक्टर.

पुण्याचे काका

माईंची दाई अचूक होती. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या वेळी भगवान दादांना एका प्रसंगात ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. ते तेव्हा नवखे, हात जोरात बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, तीनेक वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं तिथे संपली.

माझा मुद्दा वेगळा आहे. बंडूच्या यादीत (मला ती वेगळी आली होती, लिस्टवर का टाकली नाही ते कळलं नाही) सुरुवातच मंथरेपासून आहे. हा अन्याय आहे. बाईंचा जन्म येवल्याचा, मूळ नाव अंबा. मूकपटांपासून पडद्यावर. १९३२ च्या 'कैलाश'मध्ये त्या नुसत्या नटी नव्हत्या, निर्मितीतही होत्या. १९३८ ला 'दुनिया क्या है' हा बोलपटही काढला. त्या काळी बाईने पैसा घालून चित्रपट काढणं ही काय चीज होती, याचा विचार करा. आणि १९४४ चा प्रभातचा 'रामशास्त्री'. आनंदीबाई! आता साल बघा. थप्पड बेचाळीसची, म्हणजे उपचार चालू असतानाच ही भूमिका पडद्यावर आली. "ध"चा "मा" करणारी बाई. एका अक्षरावर पेशवाई फिरवणारी आनंदीबाई आणि एका कुजबुजीवर अयोध्या फिरवणारी मंथरा, दोन्हींत मधे ४० हून जास्त वर्षं गेलेली. हे शेजारी शेजारी लावलं तर गुरुजींना बोलायची गरजच नाही.

शिवाय आपण मराठी मंडळ आहोत. ३५ मिनिटांत एकही मराठी क्लिप नाही?

बंडू (लाखांदूर)

काका, यादी तुम्हालाच पाठवली कारण तुम्हीच मागितली होती.

मराठी क्लिप टाकतो, 'रामशास्त्री' टाकतो. पण सुरुवात मंथराच. गुरुजींनी सांगितलं आहे आणि ते बरोबर सांगतात. झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भातले) लोक आहेत, रात्री १० ला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत बघतात, खलनायकाला स्टेजवर शिव्या घालतात आणि चहाच्या टपरीवर त्याच्याच खांद्यावर हात टाकतात. त्यांना ओळखीच्या दारातून आत न्यावं लागतं. आधी मंथरा दाखवायची, मग विचारायचं की ही बाई तरुणपणी कशी दिसत होती, सांगा. गुरुजींचे शब्द: "पोरीइले मालूम पडलं पायजे का हे पयले हिरोईन होती. अन् मार बसल्यावर घरी नाई बसली."

आमच्या गावच्या दोन मुली आता वडसाच्या नाटक कंपनीत कामाला आहेत. त्यातली एक सासूची कामं करते, वय २६. तिला तीच कामं मिळतात म्हणून घरचे कुरकुरतात. गुरुजींनी विषय निवडला तो तिच्यासाठी. हे मी मीटिंगला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

चावीचं अजून कोणी बोललं नाही.

वहिनी (नागपूर)

माई, मंथरेवरून आठवलं. कैकेयी पद्मा खन्ना होती ना? किती गोड दिसायची, म्हणूनच कोणी शिव्या दिल्या नसतील. आणि मंथरा ललिताबाईंनी दोनदा केली आहे! १९६१ च्या 'संपूर्ण रामायण' मध्ये पण त्याच. म्हणजे रामानंद सागरांनी २६ वर्षांनी तीच मंथरा परत बोलावली. २०२० मध्ये लॉकडाऊनला दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, बाकी सगळे ॲक्टिंग करतायत, ही एकटीच खरंच जळतेय."

बंडू, हा भाग मोठा ठेव बरं.

आप्पा

विषय प्रोजेक्टर आहे. रामायण नाही.

वर्धेकर, लेबल पाहिलं. १००–२४० आहे. मान्य. मी कधी वाचलं नव्हतं कारण वाचायची वेळ आली नाही, वस्तू हॉलच्या बाहेर जातच नव्हती.

पण पडदा? मंडळाचा पडदा ८ फुटी आहे, स्टँडसकट गोल्फच्या पिशवीसारखा दिसतो. तो विमानात हातात कोण नेऊ देणार?

वर्धेकर

पडदा कशाला? पांढरं धोतर जोडून शिवून घ्या.

बंडू (लाखांदूर)

पडदा नको. नाटकाच्या स्टेजवर राजवाड्याचा रंगवलेला पडदा असतोच, त्याच्या पुढे पांढरी चादर ताणून बांधतो, खाली बांबू घालून. नोव्हेंबरमध्ये सहालाच अंधार होतो, उजेडाचा प्रश्न नाही. मागच्या राजवाड्याचे खांब थोडे झिरपून दिसतील. रामायणाला चालेल.

खजिनदार

दोन गोष्टी. (१) प्रोजेक्टरची खरेदीची पावती माझ्याकडे आहे, तिची प्रत सोबत ठेवा, कस्टमला विचारलं तर वापरलेली वस्तू आहे आणि परत येणार आहे हे दाखवता येईल. (२) अनामत रक्कम. नियमात आहे. किती ते आप्पांनी सांगावं, मी मधे पडत नाही. वाचनालयाची वार्षिक मदत वेगळी, ती यात वळती करायची नाही. मागे एकदा केली होती, त्याचा हिशोब जुळवायला मला दोन रविवार लागले.

पुण्याचे काका

खजिनदारांना: ती "वळती" मी केली नव्हती, कमिटीने केली होती. मिनिट्स पाहा.

बंडूला: पटलं, मंथरेपासून सुरू कर. पण शेवट कशाने करणार? यादीत शेवटी 'दहेज' आहे. शांतारामबापूंचा, १९५०. सुनेला छळणारी सासू. म्हणजे मंथरेपासून निघून पुन्हा खाष्ट बाईवरच येऊन थांबलास. लोक घरी जाताना काय घेऊन जाणार?

वहिनी (नागपूर)

काका बरोबर. शेवट मिसेस डिसा. 'अनाडी', १९५९. तोंडाने फटकळ घरमालकीण आणि आतून राज कपूरची आईच. फिल्मफेअर त्यालाच मिळालं. आणि गंमत म्हणजे 'आनंद' मधली मेट्रनसुद्धा डिसाच आहे, राजेश खन्नाला दटावणारी. दोन्ही सिनेमे हृषीकेश मुखर्जींचे. आमच्या घरी वाद होता की ही तीच डिसा का. 'अनाडी'तली तर ते विषारी औषध पिऊन मरते, मग ती 'आनंद'मध्ये कशी येईल, असं माझे दीर म्हणायचे. मी म्हणायची, अहो हृषीदांना ती इतकी आवडली की त्यांनी तिला जिवंत केली.

माई (दारव्हा)

मला 'श्री ४२०' मधली केळेवाली. गंगामाई. भाव करते तेव्हा अगदी आमच्या दिग्रसच्या बाजारातली वाटते. वांगी घेताना मी अजून तशीच घासाघीस करते, इथे स्कॅनरसमोर सुद्धा.

वर्धेकर

'प्रोफेसर' विसरलात का सगळे? १९६२. कडक मावशी, नियमांची, शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन येतो आणि ही त्याच्याच प्रेमात पडते. चेहऱ्यावरची ती लाज! गावात हशा पिकेल. सासूची कामं करणाऱ्या त्या मुलीला हेच दाखवा, की खडूस बाईच्या भूमिकेत विनोद पण भरता येतो.

बंडू (लाखांदूर)

'प्रोफेसर' घेतला, 'दहेज' मधेच ठेवला, शेवट डिसा. केळेवाली अर्ध्या मिनिटाची घालतो, माईंसाठी. आता यादीला हात लावत नाही, कोणी काही सुचवू नका.

आप्पा, आज बुधवार.

आप्पा

सगळ्यांनी सगळं ठरवलं, चावीवाल्याला शेवटी विचारलं. नेहमीचंच आहे.

मी मोर्शीचा. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, 'अनाडी' मी तिथे पाहिला, जमिनीवर बसून, पुढच्या माणसाच्या पटक्याआडून. डिसा मेली तेव्हा रीळ तुटलं आणि दहा मिनिटं अंधार. त्या अंधारात शेजारचे एक काका हमसून रडत होते आणि लाइट आल्यावर म्हणाले, "धूळ गेली." तर मला त्या बाईंबद्दल काही शिकवू नका.

अटी. अनामत नको, खजिनदारांनी आग्रह करू नये. यूपीएसशिवाय लावायचा नाही. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर काढायची नाही आणि हे काम गुरुजींनी स्वतः करायचं, पोट्ट्यांनी नाही. प्रोजेक्टरपासून दहा फुटांत चहा, दूध, पोहे काही नाही. डाग होता तसा आहे, त्यात आणखी भर पडायला नको.

उद्या संध्याकाळी सहाच्या आधी ये, नंतर मी फिरायला जातो. खोक्यात यंत्र, वायर, पिनेचं बोंडूक आणि रिमोट आहे. रिमोटचे सेल गणपतीपासून गायब आहेत, कोणी नेले ते माहीत आहे. दोन छोटे लागतात, येताना घेऊन ये.