पसरणी घाटात टेम्परेचरचा काटा वर जातो, गावात मात्र नॉर्मल. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट वॉल (व्हॉल्व्ह) काढून टाका, काय करू?

कृष्णाकाठ_वाई:
नमस्कार मंडळी, गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी. वाईत दिवसभर फिरवली, मंडईत एसी लावून उभी ठेवली तरी काटा मधोमध, पण पसरणी घाट चढायला लागलं की अर्ध्यातच काटा सरकायला लागतो आणि पाचगणी यायच्या आत लाल पट्टीला टेकायला येतो. एसी बंद केला की जरा उतरतो. थांबून बघितलं तर फॅन जोरात फिरत असतो. रिझर्व्हरमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू मिनिममच्या खाली जातंय पण पार्किंगमध्ये थेंबही दिसत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, थर्मोस्टॅट वॉल (इंजिन गरम झालं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकू, फॅन डायरेक्ट करू म्हणजे कायम फिरत राहील, त्याने नाही झालं तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं समजा. सासूबाईंना घेऊन दवाखान्यासाठी वर जावं लागतं त्यामुळे घाटात बंद पडून चालणार नाही. पाने-स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय आहे, घरी काय काय तपासता येईल सांगा.

पाना_१०_१२:
ताई पहिलं म्हणजे वॉल काढू देऊ नका. तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, काढला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून थंडच आहे म्हणून पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आणि फॅन तर तुमचा फिरतोच आहे, तो डायरेक्ट करून काय मिळणार?

गाडी कधी तापते यावरच अर्धं निदान होतं. सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला गार राहते तर फॅन, रिले, फ्यूज बघायचे. तुमचं बरोबर उलटं आहे, लोड आला की तापते, म्हणजे एकतर कूलंट पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटर चोंदलाय, किंवा प्रेशर टिकत नाही.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा (गरम असताना चुकूनही नाही, फडकं धरूनसुद्धा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं). आत कूलंट गळ्यापर्यंत आहे का? रिझर्व्हर भरलेला आणि गळा रिकामा असेल तर इंजिन थंड होताना कूलंट परत ओढलं जात नाहीये, बहुतेक कॅप गेली किंवा कुठेतरी हवा घेतंय. कॅपच्या रबराला नख लावून बघा, कडक झालंय का, चिरलंय का. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला प्रेशर. प्रेशर १ बारने वाढलं की पाणी १०० ऐवजी १२० च्या आसपास उकळतं, आणि पाचगणी जवळपास १३०० मीटर उंच, तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९६ लाच उकळतं, त्यामुळे कॅपने प्रेशर सोडलं तर घाटातच उकळणार. मग टॉर्च घेऊन एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघा, समोरून जाळी स्वच्छ दिसते पण मध्ये धूळ-कचऱ्याची गादी बसलेली असते. पाणी मागून पुढे मारायचं, साध्या पाइपने, वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनने नको, पत्ती वाकते.

वायरिंगवाला_कराड:
डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत ७५ पासून १०५ पर्यंत तो मधोमधच ठेवलेला असतो, हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचा छोटा रीडर) घ्या, मोबाईलवर कूलंट टेम्परेचरचा खरा आकडा दिसतो. गावात बहुतेक पेट्रोल गाड्या ९० ते १०० मध्ये खेळतात. घाटात शेजारी बसलेल्याला आकडा बघायला सांगा, चालवताना स्वतः नको.

दुसरं, फॅन तपासताना हात लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी तो अचानक सुरू होऊ शकतो.

ग्रीस_आणि_गॅस्केट:
हेड गॅस्केटची भीती घालणं फार सोपं असतं, आधी खात्री करा. थंड इंजिनला कॅप काढून स्टार्ट करा, सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच, पण एकसारखे येतच राहिले तर संशय. कॅप लावून थंड स्टार्ट केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये जातोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ आहे का बघा. नुसत्या ऑइल फिलरच्या झाकणाखाली साय दिसली तर लगेच घाबरू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी दमट हवा साठून तशी येते. तरी शंका राहिली तर निळ्या लिक्विडची टेस्ट करायला सांगा, कूलंटवरच्या हवेत एक्झॉस्ट गॅस असेल तर निळं पिवळं होतं. हे झाल्याशिवाय हेड खोलू देऊ नका. आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

कृष्णाकाठ_वाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, आज सकाळी बसून बघितलं. गळा बोटभर रिकामा, कॅपचं रबर एका बाजूने चिरलेलं. ऑइल स्वच्छ, बुडबुडे थांबले, होज मऊच. कंडेन्सरच्या मागे कचरा होता तो निघाला. आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला ब्लॉकवर हिरवट-पांढरा वाळलेला ओघळ आहे, नखाने खरवडला तर भुकटी निघते. ही गळती म्हणायची का? खाली तर काहीच पडत नाही.

पाना_१०_१२:
हो, हीच गळती. पंपाच्या सीलमागे एक बारीक भोक ठेवलेलं असतं, सील गेलं की कूलंट तिथून पाझरतं आणि गरम ब्लॉकवरच वाळतं, जमिनीपर्यंत येतच नाही. पंप बदला, सोबत थर्मोस्टॅट आणि कॅप नवीन टाका. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तसं असेल तर बेल्टही त्याच वेळी, मजुरी एकदाच लागते. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं, प्रीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) असेल तर पाणी अजिबात नाही. बोअरचं पाणी कधीच नको, क्षार बसून रेडिएटर आतून चोंदतो.

भरून झाल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढाकडे, हँडब्रेक, चाकाला दगड, हीटर फुल गरमवर, आणि इंजिन थंड असतानाच कॅप उघडी ठेवून स्टार्ट करा. बुडबुडे थांबेपर्यंत टॉप-अप करत राहायचं, कूलंट वर चढायला लागलं की कॅप लावायची, मग फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्यायचा.

काम होईपर्यंत सासूबाईंना घेऊन जायला दुसरी गाडी बघा. जावंच लागलं तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, गिअर एक खालचा. तरी काटा चढला तर बाजूला घेऊन एसी बंद ठेवून फॅनला काम करू द्या, पण वाफ दिसली किंवा कूलंट गेलेलं असेल तर लगेच इंजिन बंद आणि अर्धा-पाऊण तास कॅपला हात नाही.

जुनं कूलंट गटारात ओतू नका, डबा बंद करून गॅरेजला द्या. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.