शोधकार्यासाठी कुत्रीचे प्रशिक्षण : माणूस सापडल्याची खूण कोणती शिकवावी?

नमस्कार मंडळी,

अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी या भागात कोणी वाट चुकले की शोधाला जाणाऱ्या नाशिकच्या गिर्यारोहकांबरोबर मीही जात असतो. आमची दीड वर्षाची लॅब्रडॉर कुत्री मैना हिला या कामासाठी तयार करीत असून एका टप्प्यावर अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

हरवलेल्या व्यक्तीचा कपडा हुंगवून तिचा माग काढायला मी मैनेला शिकवलेले नाही. तसा कपडा वेळेवर हाती येतोच असे नाही, शिवाय गडाच्या वाटेवरून आधीच पुष्कळ माणसे गेलेली असतात. त्यामुळे वाऱ्यावर येणारा कोणत्याही माणसाचा गंध पकडून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची पद्धत मी निवडली. सुरुवातीला ओळखीचा माणूस तिचे खेळणे घेऊन तिच्यादेखत पळत जाऊन लपत असे आणि तिने गाठले की तिथेच तिच्याशी मनसोक्त खेळत असे. आता अनोळखी माणूस तिच्या नकळत लपला तरी ती त्याला शोधते. ऊन वाढेल तसा वारा उतारावरून वर चढतो आणि संध्याकाळी दरीकडे उतरतो, हे लक्षात घेऊन मी शोधाची सुरुवात कोठून करायची ते ठरवतो. भर दुपारी सराव घेत नाही, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.

अडचण पुढे आहे. माणूस सापडल्यावर मैना भुंकत नाही, नुसती त्याच्याजवळ बसून शेपटी हलवते. (घरी कुरिअरवाला आला की मात्र सारी गल्ली जागी करते.) कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या कुत्र्यांना त्या जागीच भुंकायला शिकवतात, कारण गाडलेला माणूस दिसत नसतो आणि नेमकी जागा कळणे आवश्यक असते. २०२३ च्या तुर्कस्तानातील भूकंपात एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) ज्युली या कुत्रीने भुंकून जागा दाखवली, रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याने त्या जागेची खात्री पटवली आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर काढता आली. डोंगरात मात्र कुत्रे नजरेआड जाते, आणि पावसाळ्यात ओढ्याच्या व वाऱ्याच्या आवाजात भुंकणे कितीसे ऐकू येणार? म्हणून माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. तीत कुत्रे माणसाला शोधून हँडलरकडे (त्याला हाताळणाऱ्या माणसाकडे) परत येते, पंजा लावून किंवा समोर बसून खूण देते आणि मग त्याला घेऊन पुन्हा त्या जागी जाते.

हे जमवताना प्रश्न बक्षिसाचा येतो. आजवर मैनेला खेळणे लपलेल्या माणसाकडूनच मिळत आले आहे. ते आता माझ्यासह दुसऱ्यांदा पोहोचल्यावरच मिळू लागले, तर पहिल्या भेटीचा तिचा उत्साह कमी होईल का? माझ्याजवळची खूण आधी घरी स्वतंत्रपणे पक्की करून घ्यावी, की लपणाऱ्याला जवळच्या अंतरावर उघड्यावर बसवून दोन्ही गोष्टी एकत्र शिकवाव्यात? शांत स्वभावाच्या कुत्र्याला भुंकायला शिकवण्यात कोणाला यश आले असल्यास तेही कृपया लिहावे. तसेच नाशिक किंवा पुणे परिसरात खासगी कुत्र्याची तटस्थपणे चाचणी घेऊ शकेल असे कोणी जाणकार आपल्या माहितीत आहेत का?