मदत हवी आहे: ऑक्टोपससाठी गोळी खाद्य कसं करावं?

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझा छोटा एक्सट्रूडर (पीठ शिजवून, दाबून गोळी काढणारं मशीन) आहे. शेततळ्यातल्या पंगस, रूपचंदसाठी २८ टक्के प्रोटीनची तरंगती गोळी काढतो. सोयापेंड, मका, थोडं फिशमील, नेहमीचंच.

भाच्याचा दोस्त कोकणात मत्स्यशास्त्र शिकतोय. त्यांच्या टाकीत चार ऑक्टोपस आहेत आणि रोज जिवंत खेकडे आणून पोरं टेकीला आलीत. "मामा, तुमच्याकडं मशीन हाय, धा किलो खाद्य करून द्या की." मी बोललो हो. (कृष्णेच्या पाण्यात ऑक्टोपस पाळणार का, असं कृपया विचारू नका. त्याला समुद्राचंच पाणी लागतं, एवढं कळतं.)

पहिला घाणा सवयीनं तरंगताच निघाला. दुसरा बुडणारा केला. ४५ टक्के प्रोटीन, फिशमील भरपूर, वर माशाच्या तेलाचा हात. पोरानं व्हिडिओ पाठवला: गड्यानं गोळी उचलली, सोंडांत फिरवली, भुगा झाला, सोडून दिली. सकाळी पाणी गढूळ. बाइंडर (गोळी बांधून ठेवणारा पदार्थ) वाढवू, तेल वाढवू, की आणखी काही?

खाडीवाला: दादा, तेल तर आधी बंद करा. ऑक्टोपसच्या ताज्या मांसात चरबी जेमतेम १-२ टक्के असते आणि चरबी पचवणं त्याला नीट जमत नाही. अंगाला लागणारी ताकद तो मुख्यतः प्रोटीनमधूनच काढतो. म्हणून तर तारलीसारख्या तेलकट मासळीपेक्षा खेकड्यावर तो चांगला वाढतो. मक्याचाही त्याला फारसा उपयोग नाही.

खरी अडचण तुमच्या मशीनची आहे. एक्सट्रूडर शंभर डिग्रीच्या वर शिजवतो, पीठ फुलवतो, गोळी टणक करतो. याला नेमकं उलटं हवं: न शिजवलेलं, मऊ, बुडणारं आणि सोंडेत धरून चोचीनं तोडता येईल असं चिवट. मेक्सिकोत युकाटान किनाऱ्यावर सिसालला ऑक्टोपस माया नावाची जात पाळतात, तिथं म्हाकूळ (स्क्विड) आणि खेकड्याचं मांस जिलेटिनमध्ये बांधून देतात. स्पेनमध्येही गोठवून वाळवलेल्या मांसाची पूड जिलेटिननं बांधून बघितलीय. उष्णतेनं शिजलेलं प्रोटीन त्याला कमी पचतं, म्हणून वाळवणं थंड लागतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मशीन झाकून ठेवा. म्हाकूळ आणि खेकड्याचं मांस मिक्सरला लावा, कोमट पाण्यात विरघळलेलं जिलेटिन घाला, ताटात थापून फ्रीजमध्ये ठेवा, वड्या पाडा. कोथिंबीरवडीसारखंच, फक्त वाफवायचं नाही. टाकीचं पाणी ३० डिग्रीच्या वर गेलं तर जिलेटिन ढिलं पडतं, तेवढं बघा. आणि पोरांना विचारा, पाइपलाइनला तांब्या-पितळेचं फिटिंग आहे का. असलं तर आजच काढा. पाण्यात उतरलेलं तांबं त्याला विष आहे.

तासगावकर: वाळवायचंच असेल तर आमची बेदाण्याची शेड रिकामीच आहे!

धागाकर्ता: तासगावकर, म्हाकळीच्या वासाचा बेदाणा सौद्यात कोण घेणार ओ? 😄

खाडीवाले, आभार. म्हणजे दोन घाणे आणि फिशमीलची दोन पोती उलट्या दिशेनं गेली. फिटिंगचं लगेच विचारलं. एका टाकीला पितळेचा कॉक निघाला आणि तिथलाच ऑक्टोपस आठवडाभर मलूल होता म्हणे. पोरं आज बदलतायत.

एक राहिलं. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना हीच वडी बारीक करून चालेल? एक मादी खोबणीत बसून हलेना झालीय.

खाडीवाला: जात कुठली आहे त्यावर आहे. मायाची पिल्लं निघतानाच मोठी असतात आणि तळाला बसतात, ती असली पेस्ट घेतात. पण व्हल्गॅरिससारख्या जातींची पिल्लं तांदळाच्या दाण्याहून लहान, कितीतरी आठवडे पाण्यात तरंगतात आणि त्यांना हलतं भक्ष्यच लागतं. नुसत्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) डीएचए हे गरजेचं मेदाम्ल कमी पडतं आणि बहुतेक मरतात. मादीला त्रास देऊ नका, अंड्यांवर बसली की ती खात नाही. अंड्यांचा फोटो टाका, बारीक दाण्यांच्या माळा आहेत की मोजकी मोठी अंडी, ते बघून सांगतो.