1893 चा मॉर्गन डॉलर: वजन जुळते, पण ‘एस’ खरा आहे का?

नमस्कार.

गेली काही वर्षे मी चांदीची जुनी नाणी जमवतो आहे, पण आजवरची सगळी खरेदी नाणे हातात घेऊन, उलटसुलट पाहूनच झाली. या वेळी प्रथमच केवळ छायाचित्रांवर विसंबून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला 1893 चा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे चांदीचे जुने एक डॉलरचे नाणे) घेतला आणि नाणे हाती आल्यापासून मनात शंका घर करून बसली आहे. परतीच्या मुदतीचे पाचच दिवस उरले आहेत, म्हणून जाणकारांनी शक्य तितक्या लवकर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ज्यांचा या नाण्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी हे डॉलर फक्त 1,00,000 पाडले गेले, तर फिलाडेल्फियात सुमारे 3,78,000. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टांकसाळीचे चिन्ह नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर मागच्या बाजूला, पानांच्या माळेच्या गाठीखाली, बारीकसा ‘एस’ असतो. एवढ्या एका अक्षराने किंमत कित्येक पटींनी वाढते. त्यातच 1918 च्या पिटमन कायद्यानुसार 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले, त्यामुळे पाडलेल्यांपैकी किती नाणी शिल्लक राहिली असतील याचा अंदाज नुसत्या टांकसाळीच्या आकड्यावरून बांधता येत नाही.

घरी करता येण्यासारख्या तपासण्या मी केल्या आहेत. मूळ वजन 26.73 ग्रॅम असायला हवे, माझे नाणे 26.58 भरते, ते बरेच वापरलेले असल्याने एवढी झीज मला स्वाभाविक वाटते. व्यास 38.1 मिलिमीटर, म्हणजे बरोबर आहे. चुंबकाला ते ओढले जात नाही, पण तांबे-पितळही ओढले जात नाही, तेव्हा त्यावर मी भिस्त ठेवलेली नाही. घनता पाहण्यासाठी पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणे बारीक दोऱ्याने, तळाला वा कडेला टेकू न देता, पाण्यात लोंबते सोडले, काट्यावर 2.58 ग्रॅम दिसले. 26.58 ला 2.58 ने भागले की 10.30 येतात आणि 90 टक्के चांदी व 10 टक्के तांबे असलेल्या मिश्रधातूची घनता जवळपास तेवढीच असते. कडेच्या खाचा एकसारख्या आहेत आणि ओतीव नाण्याच्या कडेवर कधीकधी दिसणारा सांधाही कुठे आढळला नाही.

इतके सगळे जुळत असताना खटकतो तो ‘एस’. दहापट भिंगातून पाहिले, तर नाण्याच्या उरलेल्या पृष्ठभागावर करडी छटा आणि केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, मात्र या अक्षराभोवतीचा भाग जरा जास्तच गुळगुळीत आणि उजळ आहे. अक्षराच्या बुडाशी एका बाजूला काळसर रेघ आहे, जी दिव्याखाली नाणे तिरपे केले की दिसते आणि सरळ धरले की नाहीशी होते. विक्रेत्याच्या छायाचित्रांत मागच्या बाजूवर बरोबर वरून प्रखर उजेड टाकलेला असल्याने हे अक्षर म्हणजे नुसता पांढरा ठिपका दिसतो. हे मला खरेदीआधीच खटकायला हवे होते. विचारणा केल्यावर त्यांनी ‘तो मळ आहे, वजन पाहा’ असे कळवले आणि स्वतःच छापलेले एक प्रमाणपत्र पाठवले.

अशी रेघ खऱ्या नाण्यावरही मळामुळे दिसू शकते का? अक्षर डिंकाने चिकटवलेले असेल, तर ऍसिटोनमध्ये बुडवून ते सुटते असे वाचले आहे; तसे करावे का?

प्रतिसाद

तुमच्या मोजमापांत काही चूक नाही, पण त्यांनी सिद्ध झाली ती चांदी. नाण्याचे दुर्मीळपण नव्हे. या नाण्याच्या फसवणुकीत बऱ्याचदा खराच डॉलर वापरलेला असतो: एकतर फिलाडेल्फियाच्या 1893 च्या नाण्यावर बाहेरून ‘एस’ बसवतात, नाहीतर 1898 च्या खऱ्या ‘एस’ नाण्यातला शेवटचा 8 कोरून त्याचा 3 करतात. दोन्ही प्रकारांत काटा, पाणी आणि चुंबक तुम्हाला पासच करणार.

म्हणून ‘एस’ तूर्त बाजूला ठेवा आणि नाणे उलटे करा. सॅन फ्रान्सिस्कोने 1893 चे सगळे डॉलर पुढच्या बाजूच्या एकाच साच्यातून पाडले, त्यामुळे त्या साच्याच्या खुणा प्रत्येक अस्सल नाण्यावर सारख्याच असतात. पुढच्या बाजूवर असलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या डोक्यावरील पट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द आहे. त्यातल्या ‘टी’च्या आडव्या रेघेत एक बारीक तिरपी रेषा शोधा. ती उंच उठलेली हवी, कारण साच्यावरचा ओरखडा नाण्यावर उंचवटा होऊन उतरतो, तर नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा खोलगट असतो. तसेच सालातला 1 काठालगतच्या बारीक उठावदार दात्यांपैकी एका दात्याच्या बरोबर वर यायला हवा.

ऍसिटोन शुद्ध असेल तर चांदीला अपाय होत नाही, मात्र वितळलेल्या धातूचा डाग देऊन जोडलेले अक्षर त्याने सुटणारही नाही. आणि परतीची मुदत चालू असताना नाण्यावर कोणताही प्रयोग करू नका, नाहीतर छेडछाडीचा ठपका तुमच्यावरच येईल. राहिले प्रमाणपत्र: विकणाऱ्यानेच दिलेल्या कागदाला पावतीपेक्षा अधिक अर्थ नाही.

मूळ धागाकर्त्याची भर

मनःपूर्वक आभार. ‘टी’ सपाट आहे, रेषा दिसत नाही. ती झिजून गेली असेल असे क्षणभर वाटले, पण माझ्या नाण्यातला 1 दोन दात्यांमधल्या फटीवर येतो आणि झिजेने आकडा जागचा हलत नाही. दोन्ही ठिकाणांची भिंगातून घेतलेली छायाचित्रे जोडून विक्रेत्याला परतीची विनंती आजच पाठवली आहे. ऍसिटोनची बाटली उघडलेली नाही.