सरकारने 'माफी' मागितली की 'दिलगिरी' व्यक्त केली? आणि पैसे दिले, त्यांना काय म्हणायचं?

गंगाघाटकर : आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या बैठकीत मला बोलायचंय. विषय : सरकारने आपल्याच लोकांना विनाकारण डांबलं आणि पुढे चूक कबूल केली. टिपण लिहिताना शब्दांशी अडलोय. अमेरिकेने १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यातले बहुतेक तिथलेच नागरिक. १९८८ मध्ये कायदा करून राष्ट्राच्या वतीने चूक मान्य केली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले. ही माफी, क्षमा, दिलगिरी की खेद? आणि ते डॉलर म्हणजे नुकसानभरपाई, अनुदान की मदत?

सिन्नरकर : माफीच. दिलगिरी काय, पाणी येणार नसल्याच्या जाहीर सूचनेतही असते. वाईट वाटतंय एवढं कळतं, कोणी केलं ते सांगावं लागत नाही. जालियनवाला बागेबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे २०१९ मध्ये संसदेत बोलल्या ती दिलगिरी. माफी मागायची त्यांनी टाळली. ऑस्ट्रेलियात पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला आदिवासी मुलं घरांतून उचलून नेल्याबद्दल मागितली ती माफी. सोबत केंद्र सरकारचा पैसा मात्र नव्हता.

गंगाघाटकर : पण आपल्याकडे माफी वरून खाली येते ना? कर्जमाफी, फीमाफी, माफीचा साक्षीदार. देणारं सरकार, घेणारे आपण.

देवळालीकर : म्हणून क्रियापद सोडू नका. 'सरकारची माफी' एवढंच शीर्षक दिलंत तर निफाडचा बागाईतदार द्राक्षाचं कर्ज सुटलं असंच समजेल. 'सरकारने माफी मागितली' असं पूर्ण लिहा. क्षमा नको, तिला पर्युषणाचा वास येतो.

आता पैशांचं. 'भरपाई' ठेवा, 'नुकसान' काढा. गारपीट झाली की तलाठी येतो, पंचनामा करतो, क्षेत्र लिहून घेतो, त्यावर नुकसानीचा आकडा ठरतो. १९८८ च्या कायद्यात असलं मोजमापच नव्हतं. कोणाचं शेत गेलं, कोणाचं दुकान, आणि कोणी छावणीतच जन्मलेलं. सगळ्यांना रक्कम एकच. 'भरपाई' मात्र चपखल बसते. 'भरून पावलो' हे घेणाऱ्याने लिहून द्यायचं असतं, आणि त्या कायद्यातही तशीच अट होती : रक्कम स्वीकारली की त्या प्रकरणातले सरकारवरचे सगळे दावे मिटले. घासाघीस संपली!

सिन्नरकर : मग आणीबाणीचं काय? 'मिसा' या विनाखटला डांबायच्या कायद्याखाली नाशिकरोडच्या तुरुंगातही लोक होते. अशांना राज्य सरकारने २०१८ मध्ये 'मानधन' सुरू केलं, महिन्याहून जास्त तुरुंगवास असेल तर दरमहा १०,०००, कमी असेल तर ५,०००. पुढे बंद झालं, परत सुरू झालं. मानधन म्हटलं की चूक कोणाची हा प्रश्नच निघत नाही.

देवळालीकर : खरंय, पण लढून आत गेलेल्या माणसाला 'भरपाई' रुचेलच असं नाही. तो म्हणेल, मी काय गारपिटीत सापडलो होतो का? रुदल शाहची गोष्ट निराळी. बिहारमध्ये १९६८ ला निर्दोष सुटूनही हा माणूस १९८२ पर्यंत तुरुंगातच. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरकारला ३०,००० रुपये द्यायला लावले आणि वेगळा दावा लावायची मोकळीकही ठेवली. म्हणजे तो भरून पावलाच नाही. तिथे मी 'अंतरिम भरपाई' लिहीन.

पंचवटीकर : टिपणात देवळीही घ्या (आपली देवळाली नव्हे, राजस्थानातली). १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंगकडचे चिनी वंशाचे सुमारे ३,००० लोक तिथल्या छावणीत ठेवले होते, काही जण कित्येक वर्षं. त्यांच्याकडे ना माफी मागितली, ना पैसा दिला. अमेरिकेबद्दल तासभर बोलून घरचं विसरलात तर मी बैठकीतच विचारीन.

गंगाघाटकर : विचाराच, ताई. घेतो. त्यांना 'कैदी' म्हणू की 'नजरकैदेतले'?

पंचवटीकर : दोन्ही नको. खटला नाही, शिक्षा नाही, मग कैदी कसले? आणि नजरकैद बहुतेक घरातच असते. 'स्थानबद्ध' लिहा.