वीजदराची सुनावणी बघा एकदा
"उद्योजकांच्या संघटना म्हणजे हारतुरे आणि जेवणावळी," असं आपल्या कोल्हापूरच्या संघटनांबद्दल वर कुणीतरी लिहिलंय. हारतुरे असतातच, नाही कशाला म्हणू! पण भावा, वीजदरवाढीचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोगापुढं हरकती कोण घेतं? विजेच्या इंडक्शन भट्टीवर लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या फौंड्रीत युनिटमागं आठ आणे वाढले तरी कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा भाव हलतो, आणि कागल ओलांडलं की कर्नाटक, म्हणजे स्पर्धा दारातच. म्हणून गोशिमा (गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची), स्मॅक (शिरोलीच्या कारखानदारांची) अशा संघटना लागतात. एकट्या शेडवाल्याला टॅरिफचे तक्ते वाचायला कुठला वेळ?

२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रक जागेवर थांबले. पूररेषेतल्या बांधकामांवरही या संघटनांनी तेवढ्याच जोरानं बोलावं. मग त्यात सभासदांचेच प्लॉट निघेनात का!